तरंगंबाडी: गावातलं सगळ्यात जुनं प्रोटेस्टंट चर्च नक्की कुठलं?

पायपीट

तंजावरला जाणारी आपली मंडळी बृहदीश्वर, राजवाडा, सरस्वती महाल एवढं उरकतात, फार तर कुंभकोणमला एक चक्कर, आणि परत. तिथून शंभरेक किलोमीटरवर समुद्राला लागून तरंगंबाडी म्हणून एक गाव आहे, युरोपियन लोक त्याला ट्रांकेबार म्हणायचे, हल्ली मयिलाडुतुरै जिल्ह्यात येतं, आणि हे गाव १६२० ते १८४५ अशी सव्वादोनशे वर्षं डेन्मार्ककडे होतं हे आपल्याकडे फारसं कुणाच्या गावीही नसतं.

गावात शिरताना पांढरी वेस लागते, १७९२ ची. आत गेलं की सरळ समुद्राकडे जाणारा किंग स्ट्रीट. त्याच एका रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, दोन जुनी प्रोटेस्टंट चर्च आहेत. झायन चर्च १७०१ चं आणि न्यू जेरुसलेम चर्च १७१८ चं. आता आकडे बघितले तर झायन जुनं, विषय संपला. पण गावात ‘इथलं जुनं चर्च कुठलं’ विचारलं तर बरेच जण न्यू जेरुसलेमकडे बोट दाखवतात, आणि मला त्यांचं पटतं. का ते सांगतो, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

झायन हे डेनिश व्यापारी कंपनीचं चर्च. १६२० मध्ये ओवे ग्येद्दे नावाचा डेनिश दर्यासारंग इथे आला, तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार झाला आणि किनाऱ्यावर डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर लिहून पाठवलेलं पत्र अजून कोपनहेगनच्या सरकारी दफ्तरात जपून ठेवलंय. सुरुवातीला डेन लोकांची प्रार्थना किल्ल्यातच व्हायची. वस्ती वाढली तसं गावात झायन बांधलं. कुणासाठी? तर कंपनीचे साहेब, व्यापारी, शिपाई आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठी. गावातल्या तमिळ माणसाला ख्रिस्ती करावं असं त्यांच्या मनात नव्हतं, कंपनीला तर ते नकोच होतं, उगाच धंद्यात खोडा कशाला.

मग ९ जुलै १७०६ ला दोन तरुण जर्मन पाद्री बोटीतून उतरले, बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाऊ. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले, म्हणजे सरकारी शिक्क्याचे, पण गावच्या गव्हर्नरला ते पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपले. त्सिगेनबाल्ग तेव्हा अजून चोवीसचाही पुरता झाला नव्हता. तमिळ शिकायला त्याने काय केलं तर गावातल्या एका म्हाताऱ्या पंतोजींना त्यांची शाळाच आपल्या घरी भरवायला सांगितली आणि हा गोरा पाद्री पोरांच्या रांगेत मांडी घालून जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरं गिरवायला बसला. (आपल्याकडची धूळपाटी आठवा.) दोनेक वर्षांत गडी तमिळमध्ये भाषण ठोकायला लागला.

१२ मे १७०७ ला पहिले पाच बाप्तिस्मे झाले. पाचही जण युरोपियन घरांतले गुलाम. आणि हे झाले झायनमध्येच! पण बाप्तिस्मा दिला म्हणजे रविवारी शेजारी बसवून घेतलं असं नाही ना. गोऱ्यांच्या चर्चमध्ये या लोकांना धड जागा नाही, भाषाही डेनिश. म्हणून लगेच त्याच वर्षी १४ ऑगस्टला एक छोटं वेगळं देऊळ झालं, जेरुसलेम नावाचं, समुद्राच्या जवळ, तिथे उपासना तमिळ आणि पोर्तुगीजमध्ये. पोर्तुगीज का, तर किनाऱ्यावरच्या मिश्र वस्तीची ती बोलभाषा होती.

पुढची गंमत (त्याच्यासाठी गंमत नव्हती म्हणा) म्हणजे १७०८ च्या अखेरीस गव्हर्नर हासियसने त्सिगेनबाल्गला धरून किल्ल्यात कोंडला. एका तमिळ विधवेच्या कर्जाचं प्रकरण होतं, कंपनीच्याच माणसाशी संबंधित, आणि पाद्री तिच्या बाजूने मध्ये पडला. चार महिने कोठडी. म्हणजे राजाने पाठवलेला माणूस राजाच्याच किल्ल्यात कैदी.

जुनं देऊळ पुढे लहान पडायला लागलं, समुद्राचं पाणी होतंच. मग ९ फेब्रुवारी १७१७ ला किंग स्ट्रीटवर नव्या चर्चची पायाभरणी आणि ११ ऑक्टोबर १७१८ ला उद्घाटन. तेच न्यू जेरुसलेम. तोवर जुना गव्हर्नर जाऊन समजूतदार माणूस आला होता म्हणून गावात मोक्याची जागा मिळाली. आणि त्यानंतर साडेचार महिन्यांत, २३ फेब्रुवारी १७१९ ला त्सिगेनबाल्ग वारला, वय ३६. त्याच चर्चमध्ये वेदीजवळ त्याला पुरलंय. त्याचा सहकारी ग्रुंडलर पुढच्याच वर्षी गेला, तोही तिथेच.

तर माझं म्हणणं असं की झायन हे गावात असलेलं जुनं चर्च आहे, आणि न्यू जेरुसलेम हे गावाचं. बोला आता.

---

अंजनवेल

वा, एका दमात वाचलं. न्यू जेरुसलेमच्या दर्शनी भिंतीवर काहीतरी मुकुट आहे असं कुठेतरी फोटोत बघितल्यासारखं वाटतंय, ते काय आहे? आणि आतून कसं आहे, आपल्या मुंबईच्या फोर्टातल्या चर्चसारखं का?

---

पायपीट

@अंजनवेल, हो हो, मुकुटच. खाली चौथ्या फ्रेडरिकच्या नावाची गुंफलेली अक्षरं, वर राजमुकुट, आणि १७१८ साल. चुन्यातलं उठावाचं काम, त्यावर इतक्या वेळा रंग चढलाय की कडा गोल झाल्यात. उन्हं तिरपी असताना बघा, दुपारी बारा वाजता सगळं सपाट पांढरं दिसतं आणि काहीच कळत नाही.

आतून मुंबईसारखं अजिबात नाही. लांबट दिवाणखाना नसतो का तसं नाहीच, चारी बाजू सारख्या असलेला क्रूस आहे, अधिक चिन्हासारखा. मध्ये उभं राहिलं की चारही हातांतली माणसं दिसतात. लाकडी उंच पुलपिट (पाद्री प्रवचनाला उभा राहतो तो कठडा) आहे. काचचित्रं, सोनेरी नक्षी वगैरे भपका नाही, पांढऱ्या भिंती, जाडच्या जाड, आत शिरल्यावर एकदम गार.

आणि मुंबईचं निघालंच आहे तर हे घ्या, फोर्टातलं सेंट थॉमस सुरू झालं १७१८ च्या नाताळच्या दिवशी. म्हणजे न्यू जेरुसलेमनंतर अडीच महिन्यांनी. पश्चिमेला इंग्रज आणि पूर्वेला हे, एकाच वर्षात.

---

शंकासुर

लेख ठीक आहे पण दोन गोष्टी आधीच खिळा ठोकून ठेवतो कारण नंतर कुणीतरी हमखास लिहिणार.

एक, झायनला ‘भारतातलं सगळ्यात जुनं प्रोटेस्टंट चर्च’ म्हणून खपवतात, टुरिस्ट माहितीत बिनधास्त लिहिलेलं असतं. मद्रासच्या किल्ल्यातलं सेंट मेरीज १६८० चं आहे, झायनच्या आधी २१ वर्षं. आणि कोची घ्या, तिथलं सेंट फ्रान्सिस पोर्तुगीजांनी बांधलं पण १६६३ मध्ये डच आले आणि ते प्रोटेस्टंट झालं. त्यामुळे गावातलं म्हणा, देशातलं म्हणू नका.

दोन, त्सिगेनबाल्गने तमिळ छपाई सुरू केली हेही. तमिळमध्ये छापील पुस्तक जेझुइट (म्हणजे कॅथलिक) पाद्र्यांनी १५७८ मध्ये कोल्लमला काढलंय. हा बाबा त्यानंतर सव्वाशे वर्षांनी.

---

पायपीट

@शंकासुर, मी लेखात ‘गावातलं’च लिहिलंय, शीर्षकातही, त्यामुळे खिळा तुमच्याच भिंतीत गेला :) छापखान्याचं तर मी नावही काढलं नव्हतं. पण आता काढलंतच आहे तर लिहितो.

१५७८ चं बरोबर. पण जेझुइटांची तमिळ छपाई मधल्या काळात बंद पडली होती. तरंगंबाडीला छापखाना आला तो लंडनच्या एका ख्रिस्ती संस्थेने पाठवलेला, १७१२-१३ च्या दरम्यान, तमिळ टाइप जर्मनीत हालेला पाडून पाठवले. ते टाइप एवढे मोठे निघाले की नवा करार त्यात छापायचा तर कागद कुठून पुरवणार. मग गावातच बारीक टाइप पाडले. धातू कुठला, तर इंग्लंडहून चीज ज्या शिशाच्या डब्यांत यायचं ते डबे वितळवले असं सांगतात. १७१५ मध्ये तमिळ नवा करार छापून पुरा झाला. कुठल्याही भारतीय भाषेतला पहिला छापील नवा करार हा. कागद कमी पडतो म्हणून शेजारच्या पोरयारला कागदाचा कारखानाही काढला होता.

---

आगाऊ

म्हणजे चीज खाऊन झाल्यावर डबा टाकायचा नाही, बायबल छापायचं. आमच्या घरी श्रीखंडाच्या डब्यात फार तर डाळ भरतात.

---

तंजावरकर_नातू

आमचं घराणं मूळ तंजावरचं, मी चेन्नईला वाढलो, घरी अजून आमची ती जुनी मराठी बोलतात, इथे लिहिताना पुण्याची लिहायचा प्रयत्न करतोय, सांभाळून घ्या.

या धाग्यात आमचे राजे कसे काय आले नाहीत अजून? करार नायकाशी झाला खरा पण १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्यानंतर डेन लोकांचा शेजारी आणि जमीनमालक भोसल्यांचाच दरबार. खंडणी तिकडेच जायची. १६९९ मध्ये, शहाजीराजे (व्यंकोजींचे चिरंजीव) गादीवर असताना, तंजावरच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा घातला होता, मद्रासच्या इंग्रजांनी कुमक पाठवली तेव्हा कुठे डेन लोक वाचले. आणि दोन वर्षांनी झायन चर्च! मराठी तोफा गावाच्या वेशीवर येऊन गेल्या आणि त्यानंतर यांनी देऊळ बांधलं, हे लक्षात घेतलं की ते चर्च एवढं किल्ल्याला धरून का आहे ते कळतं. (हा माझा अंदाज बरं का, कुठे लिहिलेलं नाही.)

दुसरं मोठं नातं म्हणजे श्वार्ट्झ. क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ, जर्मन पाद्री, १७५० मध्ये तरंगंबाडीलाच आला, तिथेच तमिळ शिकला, पुढे तिरुचिरापल्ली आणि मग तंजावर. तमिळ, पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्तानी आणि आमची मराठीही बोलायचा. इंग्रजांनी १७७९ मध्ये याला हैदरअलीकडे बोलणी करायला धाडला होता. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या सरफोजींचा हात मरताना या पाद्र्याच्या हातात दिला. तुळजाजींचे भाऊ अमरसिंग यांच्या कारकिर्दीत मुलाचे हाल व्हायला लागले तेव्हा याने इंग्रज कंपनी सरकारकडे धरणं धरून पोराला मद्रासला हलवलं, शिकवलं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ गेला.

तंजावरच्या शिवगंगा बागेजवळ श्वार्ट्झचं चर्च आहे. आत संगमरवराचं उठावचित्र आहे, लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून सरफोजींनी करवून घेतलेलं. पलंगावर म्हातारा पाद्री, आणि त्याचा हात हातात घेऊन उभे असलेले सरफोजी, पगडी, अंगरखा सगळं. खाली इंग्रजी कवितेच्या ओळी सरफोजींनी स्वतः रचलेल्या. एका हिंदू मराठा राजाने पाद्र्यासाठी! आणि राजे शेवटपर्यंत हिंदूच राहिले, चंद्रमौळीश्वराची पूजा कधी चुकवली नाही.

---

मधुरा_के

@तंजावरकर_नातू, किती छान लिहिलंय, ‘आमची ती जुनी मराठी’ पण लिहा ना कधीतरी.

मी नोकरीमुळे काही वर्षं डेन्मार्कमध्ये आहे. इथे ऑफिसात ट्रांकेबार म्हटलं की दहातल्या एखाद्याला शाळेत वाचल्याचं आठवतं. बाकीच्यांना वाटतं मी काहीतरी गंमत करतेय. डेन्मार्कने तरंगंबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर दोन्ही एकदमच इंग्रजांना विकली, १८४५ मध्ये, साडेबारा लाख रुपयांना. विकली म्हणजे अक्षरशः विकली, किल्ला, रस्ते, बंगले सगळ्यासकट.

आणि श्रीरामपूरचा मराठीशी संबंध आहे! विल्यम केरी तिथे का गेला तर इंग्रज कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना येऊ देत नव्हती, डेनिश गावात मात्र परवानगी. तिथूनच १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापून निघालं, पंडित वैजनाथांच्या मदतीने. म्हणजे छापील मराठीच्या सुरुवातीला पण एक डेनिश गाव आहेच.

---

तंजावरकर_नातू

आणि लगेच १८०६ मध्ये सरफोजीराजांनी तंजावरला स्वतःच्या छापखान्यात मराठी ‘बाळबोध मुक्तावळी’ छापली, इसापच्या गोष्टी, सखण्णा पंडितांनी केलेलं भाषांतर, देवनागरी टाइपात. छापखान्याचं वेड राजांना कुठून लागलं ते या धाग्यातल्या सगळ्यांनाच आता कळलं असेल. पुण्यामुंबईत तेव्हा छापील मराठी पुस्तकाचा पत्ताही नव्हता :)

---

शंकासुर

सगळे एकदम भारावलेत तर थोडं पाणी ओततो. ‘न्यू जेरुसलेम हे गावाचं चर्च’ असं धागाकर्त्यांनी म्हटलंय. गावाचं म्हणजे गावातल्या कुणाचं? तो अधिक चिन्हासारखा आकार फार सोयीचा होता, कारण वेगवेगळ्या जातींचे ख्रिस्ती वेगवेगळ्या बाजूला बसायचे. वरच्या मानलेल्या जातीतले वेळ्ळाळ एकीकडे, अस्पृश्य मानलेले परैयर दुसरीकडे. पाद्र्यांना हे माहीत होतं आणि चालवून घेतलं. झायनमध्ये गोरा-काळा, इथे वरचा-खालचा. मग फरक काय पडला?

---

पायपीट

@शंकासुर, मुद्दा खरा आहे आणि लपवण्यासारखा नाही. बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. पण फरक काहीच पडला नाही हे मला मान्य नाही. त्याच मंडळीतून आरोन पुढे आला. मूळ नाव आरुमुगम, कडलूरचा वेळ्ळाळ, १७१८ मध्ये बाप्तिस्मा आणि २८ डिसेंबर १७३३ ला पाळक म्हणून दीक्षा. प्रोटेस्टंट पंथातला पहिला भारतीय पाळक. गावोगाव फिरून मंडळ्या सांभाळायचा, गोरे पाद्री जिथे पोचायचे नाहीत तिथे. झायनमध्ये हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

बरं आता दुसरी बाजूही सांगतो, आरोनच्या तोडीचा एक माणूस होता, राजनायकन नावाचा, परैयर समाजातला, तंजावरच्या बाजूला त्याने जबरदस्त काम केलेलं. त्याला दीक्षा द्यायची चर्चा झाली आणि ती मागे पडली, कारण वरच्या जातीचे ख्रिस्ती त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत अशी भीती. तेव्हा तुमचं पाणी मी डोक्यावर ओतून घेतलं समजा.

---

नगरचा_पाव्हणा

हा धागा माझ्यासाठी घरचाच. आम्ही नगरचे, आजोबांच्या आजोबांपासून ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं आणि १८३३ मध्ये पहिली मंडळी स्थापन झाली, म्हणजे तरंगंबाडीपेक्षा सव्वाशे वर्षांनी. तरी कथा किती सारखी! जात आमच्याकडेही आली, महार-मांग-ब्राह्मण सगळं मिशन कंपाउंडच्या आत येऊन बसलं. आजी सांगायची की तिच्या लहानपणी लग्न जमवताना सगळे ख्रिस्ती एकदम हिंदू व्हायचे.

जातीवरून तमिळनाडूत पुढे मोठा राडा झाला तो इथे कुणी लिहिला नाही. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी हुकूम काढला की चर्चमध्ये जातभेद बंद म्हणजे बंद, एकत्र बसा, प्रभुभोजन एकाच प्याल्यातून घ्या. तंजावरच्या बाजूच्या वरच्या जातीच्या लोकांनी साफ नकार दिला, शेकडो लोक बाहेर पडले. त्यातले बरेच जण पुढे जर्मनीच्या लायप्झिग मिशनकडे गेले, जे १८४० च्या सुमारास तरंगंबाडीला आलं आणि जातीच्या बाबतीत जरा सैल होतं.

त्यांच्यात एक मोठा माणूस होता, वेदनायगम शास्त्री. श्वार्ट्झचा शिष्य, सरफोजींच्या बरोबर शिकलेला, राजांनी त्याला दरबारी आश्रयही दिला. तमिळमध्ये त्याने ख्रिस्ती कीर्तनं रचली, ती अजून गातात. आणि जातीचा प्रश्न आला तेव्हा हा कवी विल्सनच्या विरोधात उभा राहिला. मला त्याची गाणी आवडतात आणि ही भूमिका आवडत नाही, दोन्ही खरंय.

कीर्तन म्हटलं की आम्हा नगरकरांना रेव्हरंड टिळक आठवणारच. ना. वा. टिळकांनी अभंग-भजन-कीर्तन चर्चमध्ये आणलं तेव्हा लोकांना ते नवं वाटलं, पण तंजावरात शंभर वर्षं आधी तेच चाललेलं. तंजावरात मराठी कीर्तनकारांचा जोर होताच त्यामुळे हा प्रकार तिथे आपोआप रुजला असणार.

---

अंजनवेल

@नगरचा_पाव्हणा, मुलींच्या शाळेचं पण तसंच ना? नगरला मिस फरारची शाळा बघून जोतिबांना शाळा काढायची प्रेरणा मिळाली हे माहीत होतं. तरंगंबाडीला होती का तशी?

---

नगरचा_पाव्हणा

होती, १७०७ मध्येच. त्सिगेनबाल्ग आल्यावर वर्षभरात. मुलांची, मुलींची वेगळी, तमिळ आणि पोर्तुगीज-डेनिश वेगळी. शिकवणं धर्मासाठीच होतं, बायबल वाचता यावं म्हणून, पण वाचायला यायला लागलं की माणूस पुढे काय वाचेल ते कुणाच्या हातात राहत नाही. (पाद्र्यांच्या सुद्धा.)

---

जुनी_विहीर

त्सिगेनबाल्गबद्दल मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट कुणीच लिहिली नाही. हा माणूस आला होता धर्मांतर करायला, आणि बसला तमिळ ताडपत्रं जमवत. कुठला देव कुठल्या देवाचा कोण, ग्रामदेवता किती, अय्यनार कोण, पिडारी कोण, सगळं खोदून खोदून विचारलं आणि १७१३ मध्ये दक्षिण भारतातल्या देवांवर अख्खा ग्रंथ लिहून हालेला पाठवला. तिकडून त्याच्या गुरूचं, फ्रांकेचं उत्तर काय, तर तुम्हाला तिकडे मूर्तिपूजा नाहीशी करायला पाठवलंय, तिची माहिती युरोपात पसरवायला नाही. हस्तलिखित कपाटात गेलं ते १८६७ मध्ये मद्रासला छापून बाहेर आलं. दीडशे वर्षं!

शिवाय गावातल्या तमिळ लोकांना त्याने आणि ग्रुंडलरने पत्रं लिहून प्रश्न विचारले, तुमचा आमच्या धर्माबद्दल काय आक्षेप आहे, आम्हा युरोपियनांबद्दल काय वाटतं. ९९ पत्रं आली. त्यात लोकांनी तोंडावर सुनावलंय की तुम्ही दारू पिता, गाय खाता, अंघोळ करत नाही, मग तुमचा धर्म चांगला कसा म्हणायचा. आणि पाद्र्यांनी ती पत्रं भाषांतर करून जर्मनीत छापायला पाठवली. ही पत्रं मला त्या चर्चच्या इमारतीपेक्षा मोठी वाटतात.

---

पायपीट

@जुनी_विहीर, तुम्ही फ्रांकेचं काढलंत म्हणून, त्याच्यापेक्षा जास्त त्रास कोपनहेगनने दिला. तिथल्या मिशन बोर्डाचा सचिव होता वेंट नावाचा. त्याचं मत असं की मिशनऱ्याने येशूच्या शिष्यांसारखं रिकाम्या हाताने गावोगाव फिरावं, इमारती, शाळा, पगार, संसार हे कशाला. इकडे हे लोक न्यू जेरुसलेमच्या भिंती चढवतायत आणि तिकडून पत्रं की पैसे कशात घालवताय. ज्या चर्चसाठी आपण आज तीनशे वर्षांनंतर इथे भांडतोय ते बांधलं म्हणून बांधणाऱ्याने बोलणी खाल्ली. पोटाच्या दुखण्याने त्सिगेनबाल्ग आधीच खंगलेला, त्यात ही कडक पत्रं. त्याच्यानंतर ग्रुंडलरलाही तेच वाचावं लागलं.

कंपनी म्हणते धर्म नको, बोर्ड म्हणतं इमारत नको, गावातले वरच्या जातीचे म्हणतात शेजारी बसायला नको. एवढ्या सगळ्यांचं ‘नको’ असताना ते चर्च उभं राहिलं आणि रविवारी अजून तमिळ उपासनेला भरतं, मला त्याचं अप्रूप आहे, शंकासुरांना नसलं तरी.

---

शंकासुर

मला अप्रूप नाही असं मी कुठे म्हटलं? हिशोब नीट मांडा एवढंच म्हणतो. एक सांगा, दोन्ही चर्च आज वेगळ्या संस्थांकडे का आहेत? एकाच गावात, एकाच देशाने बांधलेली.

---

पायपीट

हे विचारलंत ते बरं केलंत. झायन होतं सरकारचं, म्हणजे कंपनी-राजाचं, त्यामुळे १८४५ मध्ये गाव इंग्रजांकडे गेल्यावर ते अँग्लिकनांकडे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चकडे गेलं आणि १९४७ मध्ये चर्च ऑफ साऊथ इंडिया झालं तेव्हा त्यात आलं. न्यू जेरुसलेम मिशनचं, ते लायप्झिगवाल्यांकडे, लुथरन राहिलं. पहिल्या महायुद्धात जर्मन पाद्र्यांना जावं लागलं, आणि १९१९ मध्ये तमिळ लुथरन चर्च स्वतंत्र झालं, कचेरी तिरुचिरापल्लीला, पण त्यांच्या बिशपला अजून ‘ट्रांकेबारचे बिशप’ म्हणतात. कोण कुणाचं होतं ते मालकीच्या कागदातच दिसतं, माझा मुद्दा तोच.

---

मधुरा_के

२००४ च्या त्सुनामीत काय झालं तिथे? नागपट्टणमचं तेव्हा खूप वाचलं होतं.

---

जुनी_विहीर

तरंगंबाडीलाही फार मोठा फटका बसला, कोळीवाड्यात खूप माणसं गेली. चर्च दोन्ही टिकली. पण समुद्र तिथे काही त्सुनामीपुरताच येत नाही. किनाऱ्यावर मासिलामणिनाथाचं देऊळ आहे, पांड्य राजाच्या काळातलं, १३०६ चं, म्हणजे डेन लोकांच्या तीनशे वर्षं आधीचं. त्याचा पुढचा बराच भाग लाटांनी कधीच नेलाय, आता मोठाले दगड टाकून बांध घातलाय. गावातलं जुनं देऊळ कुठलं असा प्रश्न असेल तर ते, आणि त्याबद्दल वाद नाही.

---

अंजनवेल

डिसेंबरात तंजावर ठरतंय, हे जोडायचंच आता. कसं जायचं, राहायची सोय आहे का, शाकाहारी मिळेल ना?

---

पायपीट

तंजावरहून मयिलाडुतुरैपर्यंत रेल्वे, तिथून तरंगंबाडीच्या बसेस, तासाभरात पोचता. कारैक्कालला उतरलात तर अजून जवळ. राहायला किनाऱ्यावर जुन्या बंगल्यात हॉटेल आहे पण खिशाला जड, नाहीतर मयिलाडुतुरैला मुक्काम करा. शाकाहारीची चिंता नको, इडली-पोंगल-सांबार भात कुठेही.

डिसेंबर म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस, कधी दोन-दोन दिवस थांबत नाही, जानेवारीत ढकलता आलं तर बघा. ऑगस्टअखेर ते ८ सप्टेंबर वेलंकण्णीची जत्रा असते तेव्हा त्या रस्त्याला जाऊच नका. न्यू जेरुसलेम बंद असलं तर आवारात कुणी ना कुणी असतं, विचारलं की किल्ली आणतात. रविवारी सकाळी गेलात तर मागच्या बाकावर बसा, कॅमेरा पिशवीत. झायनही बघा हो, माझं ऐकून टाळू नका. आणि परत येताना तंजावरला श्वार्ट्झचं चर्च, नातूसाहेबांनी लिहिलेलं ते सरफोजींचं उठावचित्र बघायला.

---

तंजावरकर_नातू

तंजावरला येण्याआधी इथे निरोप टाका, आमचे काका अजून तिथेच असतात. ते डांगरपचडी आणि सांबार दोन्ही खाऊ घालतील, आणि सांबार हा शब्द संभाजीराजांवरून आला का यावर दोन तास बोलतील. त्यावर इथे वेगळा धागा काढा, शंकासुरांना बोलवा.